नाव झाकलेला वाचक



पुस्तक वाचून संपले म्हणजे वाचकाला पहिली गरज भासते ती दुसऱ्या वाचकाची. कादंबरीतील नायिकेने शेवटी घर सोडले ते योग्य केले की अयोग्य, कवीने योजलेला एखादा शब्द जागी बसला की नाही, इतिहासकाराचा निष्कर्ष पुराव्यास धरून आहे काय, हे कोणाशी तरी बोलावे, जमल्यास कडाकडा भांडावे, असे त्याला वाटते. वाचन एकांतात होते. पण वाचलेले पचते ते चारचौघांत. मात्र चारचौघांत बोलावयाचे म्हणजे आपल्या नावानिशी बोलावे लागते, आणि येथेच पुष्कळांची जीभ अडखळते. म्हणूनच नाव झाकून पुस्तकांविषयी बोलण्याची आणि वाद घालण्याची रीत जगात आणि आपल्या मराठीतही फार दिवसांपासून चालत आली आहे. ही रीत चांगली की वाईट, आणि ती चांगली ठरावयाची तर कोणत्या अटींवर, ह्याचा आज थोडा विचार करू.

नागपूरहून छिंदवाड्याकडे लोहमार्गाने निघाले, की सावनेर, लोधीखेडा, सौंसर ही गावे मागे टाकल्यावर रामाकोना लागते. संत्र्याच्या बागांचा हा मुलूख. २०१५ सालापर्यंत ह्या मार्गावर अरुंद रुळांची छोटी गाडी चालत असे. आता तेथे रुंद रूळ आले आहेत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हा भाग मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. हद्दी अशा बदलत गेल्या, तरी घरात बोलावयाची भाषा पुष्कळ ठिकाणी मराठीच राहिली. शाळा आणि कचेरी ह्यांचा व्यवहार मात्र बहुतांशी हिंदीत. अशा गावी एखाद्याच्या हाती मराठी कादंबरी पडली आणि ती त्याने एका बैठकीत वाचून काढली, तरी तीच कादंबरी वाचलेला दुसरा माणूस त्याला शेजारी सापडेलच असे नाही.

आणि समजा सापडला, तरी अडचण सरत नाही. खेडेगावात माणूस कधीच नुसता बोलत नाही. त्याच्या बोलण्याबरोबर त्याचे घराणे, त्याची जात, त्याची शेती, त्याच्या वडिलांचे कोणाशी असलेले वाकडे, हे सारे बोलत असते. पारावर बसून एखाद्या तरुणाने म्हटले, की ज्या लेखकाला सारे थोर म्हणतात त्याचे अमुक पुस्तक मला पोकळ वाटले, तर पुस्तक बाजूलाच राहते आणि 'कालपर्यंत आमच्या हाताखाली शिकणारा हा पोर आता लेखकांना अक्कल शिकवू लागला' अशी चर्चा सुरू होते. एखाद्या घरच्या सुनेला वाटले, की गाजलेल्या कादंबरीतली सोशिक नायिका खोटी आहे, खऱ्या बाया अशा नसतात, तर हे तिने कोणाला सांगावे? सांगितले तर ऐकणारे त्यातून कादंबरीची परीक्षा न घेता तिच्या संसाराची परीक्षा घेऊ लागतील. अशा वाचकांना नाव झाकण्याची सोय मिळाली, तर ती चैन म्हणता येणार नाही. त्यांच्यापुरते बोलण्याचे तेवढेच एक दार उघडे असते.

येथे एक भेद आरंभीच ध्यानात घ्यावयास हवा. मराठीत टोपणनावांचा सुकाळ आहे. केशवसुत, बालकवी, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज ही नावे आपण खऱ्या नावांपेक्षाही अधिक घेतो. पण गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी हे सर्वांना ठाऊक असते. असे नाव म्हणजे अंगावरचा दागिना. नाव झाकण्याचा खरा प्रकार वेगळा. त्यात वाचणाऱ्याला बोलणाऱ्याची ओळखच पटू नये, असा हेतू असतो. त्याला मुखवटा म्हणू. दागिन्याने माणूस उठून दिसतो, मुखवट्याने तो दिसेनासा होतो आणि त्याचे शब्द तेवढे पुढे राहतात.

मराठी वृत्तपत्रसृष्टीतील एक जुना आणि मानाचा मुखवटा म्हणजे 'लोकहितवादी'. भाऊ महाजन ह्यांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात १८४८ ते १८५० ह्या काळात ह्या नावाने शंभरावर पत्रे प्रसिद्ध झाली. सरकारी नोकरीत असलेले गोपाळ हरि देशमुख हे ती लिहीत होते. आपल्या समाजाला विद्येची आणि वाचनाची आच नाही, जुन्या पोथ्यांतले पाठ करावे आणि अर्थ विचारू नये अशी आपली रीत आहे, असे कडू बोल त्यांनी ऐकविले. ह्या पत्रांतील मतांवर पुढे एका पिढीनंतर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली सुरू केलेल्या आपल्या 'निबंधमाले'तून कठोर हल्ला चढविला. कोणाचे बरोबर, हा आजचा विषय नाही. मुखवट्याआडून निघालेले शब्द पंचवीस वर्षांनंतरही खंडन करण्याच्या योग्यतेचे वाटावे, एवढी गोष्ट मात्र लक्षात घेण्याजोगी आहे.

नाव काढून घेतले म्हणजे वाचकाच्या बुद्धीचे काय होते, ह्याचा एक मोठा प्रयोग इंग्लंडात झाला. केंब्रिज विद्यापीठातील आय. ए. रिचर्ड्स ह्या अध्यापकाने आपल्या विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता वाचावयास दिल्या आणि त्यांवरील मते लेखी मागविली. मते देणाऱ्यांनीही आपली नावे घालावयाची नव्हती. म्हणजे मुखवटा दोन्ही बाजूंना होता. ह्या प्रयोगावरील त्याचे पुस्तक १९२९ साली प्रसिद्ध झाले. त्यात तेरा कविता आणि त्यांवरील असंख्य अभिप्राय आहेत. नामवंत कवींच्या कवितांना चांगल्या शिकलेल्या विद्यार्थ्यांनी झिडकारलेले आणि फारशा परिचित नसलेल्या कवीला डोक्यावर घेतलेले त्यात आढळते. काहींना तर कवितेचा सरळ अर्थही लागला नव्हता. ह्यावरून दोन गोष्टी दिसून आल्या. कवीचे नाव ठाऊक असते तेव्हा आपण पुष्कळदा कविता न वाचता ते नावच वाचत असतो, ही पहिली. आणि आपले नाव झाकलेले असते तेव्हा आपण खरे काय वाटले ते सांगतो, मग ते कितीही कच्चे असो, ही दुसरी. रिचर्ड्सला विद्यार्थ्यांच्या चुका कळल्या त्या ह्यामुळेच. सही करावयास लावले असते, तर बहुतेकांनी थोरामोठ्यांची ठरीव मतेच उतरवून दिली असती.

मुखवट्याचा दुसरा उपयोग संरक्षणाचा. मराठीत ह्याचे ठळक उदाहरण म्हणजे 'विभावरी शिरूरकर'. १९३३ साली ह्या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह निघाला, आणि पाठोपाठ १९३४ साली 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी. प्रकाशक होते ह. वि. मोटे. शिकलेल्या, मिळवत्या, पण लग्न न झालेल्या मुलींच्या मनाची कोंडी ह्या कथांनी इतक्या उघडपणे मांडली, की महाराष्ट्रात वादळ उठले. आणि वाद कशाचा झाला? मिळवत्या मुलीच्या कमाईवर घर चालते आणि म्हणून तिच्या लग्नाचा विचार लांबणीवर पडतो, हे खरे की खोटे, हा कथांनी उभा केलेला प्रश्न. पण पुष्कळांना त्याहून मोठा प्रश्न वाटला तो असा, की ही विभावरी आहे तरी कोण? पुढे कळले, की शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या बाळूताई खरे, म्हणजेच नंतरच्या मालतीबाई बेडेकर, ह्या त्या लेखिका. १९३३ साली एका अविवाहित शिक्षिकेचे नाव त्या पुस्तकावर छापले गेले असते, तर तिच्या नोकरीचे आणि रोजच्या जगण्याचे काय झाले असते, ह्याची कल्पना करणे अवघड नाही.

असेच इंग्रजीतही घडले होते. १८४७ साली 'जेन एअर' ही कादंबरी 'करर बेल' ह्या नावाने निघाली. लेखक पुरुष की स्त्री, ह्यावर वाचकांत पैजा लागाव्यात अशी स्थिती. १८४८ च्या अखेरीस एका वजनदार त्रैमासिकाने लिहिले, की हे लेखन स्त्रीचे असेल, तर ती स्त्रियांच्या संगतीस मुकलेली कोणी तरी असली पाहिजे. हा अभिप्राय बिनसहीचा होता आणि तो लिहिणारी एलिझाबेथ रिग्बी ही स्वतः स्त्रीच होती. एका मुखवट्याने दुसऱ्या मुखवट्यावर वार केला, आणि वार पुस्तकावर न बसता मुखवट्याआडच्या, न पाहिलेल्या बाईच्या चारित्र्यावर बसला. ह्या दोन्ही उदाहरणांत मुखवट्याने लेखिकेचे रक्षण केले खरे. पण वाचक 'काय लिहिले' हे सोडून 'कोणी लिहिले' ह्याच्या मागे लागले, की नाव झाकण्याचा मूळ हेतूच फसतो, हेही दिसून येते.

ह्यावरून आपण दुसऱ्या बाजूकडे येतो. नाव झाकले म्हणजे भीती जाते, हे खरे. पण भीतीबरोबर पुष्कळदा लाजही जाते. १८१८ साली कीट्स ह्या तरुण इंग्रज कवीचे 'एंडिमियन' हे दीर्घ काव्य निघाले. त्यावर त्याच त्रैमासिकात एक बिनसहीची परीक्षा आली. लिहिणारा होता जॉन विल्सन क्रोकर. काव्याचे चार भाग. त्यांपैकी आपण पहिलाच काय तो वाचू शकलो, अशी कबुली त्याने लेखातच दिली होती आणि तरीही साऱ्या काव्याची टर उडविली होती. तीन वर्षांनी, पंचवीस वर्षांचा असताना, कीट्स वारला. ह्या टीकेनेच त्याचा बळी घेतला, अशी दंतकथा मित्रांनी पसरविली. वास्तविक तो क्षयाने गेला. पण दंतकथा बाजूला ठेवली तरी अन्याय उरतोच. आणि तो अन्याय कशात होता? क्रोकरने नाव घातले नाही हे गौण आहे. त्याने पुस्तक वाचले नाही आणि तरीही निकाल दिला, ह्यात तो होता. सही असती तर कदाचित असे करण्याचे धाडस त्याला झाले नसते, एवढाच मुखवट्याचा दोष.

तेव्हा प्रश्न असा उरतो, की मुखवट्याचा लाभ घ्यावा आणि त्याचा दोष टाळावा, हे कसे साधावे? जुन्या लोकांनी ह्याचे एक उत्तर काढून ठेवले आहे. आपल्या वृत्तपत्रांत वाचकांचा पत्रव्यवहार छापला जातो, त्यात 'एक वाचक', 'स्पष्टवक्ता', 'एक गृहिणी' अशा सह्या पूर्वीपासून दिसत आल्या आहेत. पण संपादकांचा एक संकेत असे: छापावयासाठी टोपणनाव चालेल, परंतु खरे नाव आणि पत्ता पत्रासोबत आमच्याकडे पाठविलाच पाहिजे. ह्या साध्या संकेतात मोठे शहाणपण आहे. लिहिणाऱ्याचे नाव जगापासून झाकलेले, पण एका जबाबदार माणसाला ठाऊक. गावच्या व्यवहारात अनोळखी माणसाला उधार द्यावयाचे, तर आपण जामीन मागतो. तसा येथे संपादक हा जामीन. पत्रात अब्रूवर घाला असेल तर तो ते छापणार नाही, आणि छापले तर बोल त्याच्यावर येईल.

लंडनच्या 'टाइम्स'च्या साहित्य पुरवणीचीही अशीच रीत होती. १९०२ साली ती निघाली तेव्हापासून १९७४ पर्यंत तिच्यातील परीक्षणे बिनसहीची असत. व्हर्जिनिया वुल्फ आणि टी. एस. एलियट ह्यांनीही तीत बिननावाने लिहिले आहे. अशा लेखकांना नावाच्या वजनावाचून केवळ मुद्द्यांवर उभे राहावे लागले, हा त्या रीतीचा लाभ. पण लेखकांचे वैर आणि स्नेह पडद्याआड राहतात आणि वाचकाला ते पारखता येत नाहीत, अशी तक्रार वाढत गेली. अखेर जॉन ग्रॉस हे संपादक झाल्यावर परीक्षणांखाली नावे येऊ लागली. म्हणजे संपादकाचा जामीनही एका मर्यादेपर्यंतच पुरतो. तो शिवी थांबवू शकतो. पक्षपात प्रत्येक वेळी थांबवू शकेलच असे नाही.

मग आणखी एक जामीन लागतो, आणि तो म्हणजे मुखवट्याचे सातत्य. १९६४ साली केशवराव कोठावळे ह्यांनी मुंबईत 'ललित' हे ग्रंथविषयक मासिक सुरू केले. त्यात 'ठणठणपाळ' ह्या नावाने 'घटका गेली, पळे गेली' हे सदर येत असे. मराठी लेखक, प्रकाशक, समीक्षक, संमेलने, सगळ्यांच्या फजितीचा आणि रुसव्याफुगव्यांचा समाचार तेथे हसत-खेळत घेतला जाई. ठणठणपाळ म्हणजे जयवंत दळवी, हे पुढे सर्वश्रुत झाले. ह्या सदराचा धाक आणि लळा दोन्ही टिकले, त्याचे एक कारण असे, की ठणठणपाळ हा एकच होता आणि महिन्यामागून महिने तोच राहिला. आज एक नाव, उद्या दुसरे, असा खेळ त्याने केला नाही. वाचकाला त्याचा स्वभाव कळला, खोड्या कळल्या, आवडीनिवडी कळल्या. खरे नाव ठाऊक नसतानाही एखाद्याची पत तयार होऊ शकते, आणि एकदा पत तयार झाली की ती घालविण्याचे भय माणसाला आवरून धरते. उलट, दर वेळी नवे नाव घेणाऱ्याला पत नसते, म्हणून भयही नसते.

आज पत्राची जागा हातातल्या पडद्याने घेतली आहे. रामाकोन्याचा वाचक, पुण्याचा वाचक आणि परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबातला वाचक, तिघेही एकमेकांची नावे न जाणता एकाच कादंबरीवर घटकाभरात बोलू शकतात. कोण कोणत्या गावचा, कोणाची पदवी कोणती, हे विचारण्याचे कारण पडत नाही. मुद्दा बिनतोड असला तर तो ऐकला जातो. सीमेवरच्या, नावाला वजन नसलेल्या वाचकाला इतकी मोठी संधी पूर्वी कधी नव्हती. मात्र जुना जामीन ह्या गर्दीत पुष्कळदा हरवलेला असतो. पत्र उघडून पाहणारा संपादक तेथे असेलच असे नाही. मग पुस्तकावरचा वाद बघता बघता माणसावर येतो. 'तुम्हाला ही कादंबरी कळली नाही' येथून सुरुवात होते आणि 'तुमच्यासारख्यांना कळणार तरी काय' येथे शेवट होतो.

ह्या ठिकाणी पांढुर्ण्याच्या गोटमारीची आठवण होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्ण्याचे आणि दुसऱ्या काठावर सावरगावचे लोक उभे राहतात. पात्राच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावलेला असतो. झेंडा काढून नेण्यासाठी दोन्हीकडून दगडांचा वर्षाव होतो. दर वर्षी माणसे जखमी होतात, आजवर जीवही गेले आहेत. ही प्रथा असावी की नसावी, हा स्वतंत्र प्रश्न आहे, आणि तिची भलावण येथे करावयाची नाही. पण इतक्या दांडग्या प्रकारालाही एक शेवट असतो: झेंडा हाती आला की गोटमार थांबते. पुस्तकावरच्या वादात झेंडा म्हणजे पुस्तक. ते मधोमध उभे आहे तोवर वादाला दिशा आणि शेवट दोन्ही असतात. पुस्तक नजरेआड झाले, की उरतात ते नुसते दगड. आणि मुखवटे घातलेले असल्यामुळे कोणाचा दगड कोणाला लागला हेही कळत नाही.

म्हणून नाव झाकून बोलणाऱ्या वाचकाने आपला जामीन स्वतःच उभा केला पाहिजे. तो पुस्तकाच्या पानांत सापडतो. 'लेखकाला स्त्रीमन कळत नाही' असे मोघम विधान करण्यापेक्षा अमुक प्रकरणात नायिका असे वागते आणि तमुक प्रकरणात तसे, ह्यांचा मेळ बसत नाही, असे दाखवावे. मग बोलणारा कोण, हे विचारण्याची गरजच पडत नाही. ज्याला शंका असेल त्याने पुस्तक उघडून ते पान पाहावे. पुस्तक अर्धे वाचले असेल तर तसे सांगावे आणि निकाल राखून ठेवावा. एकदा घेतलेले टोपणनाव सोडू नये. समोरच्या मुखवट्याआड कोण आहे, हे हुडकत बसू नये. एखादी विभावरी तेथे असू शकते, आणि आपल्या कुतूहलाची किंमत तिला मोजावी लागते. आणि प्रतिपक्षाने दाखविलेले पान आपल्या मताच्या विरुद्ध गेले, तर 'हे माझ्या ध्यानात आले नव्हते' असे म्हणून टाकावे. खऱ्या नावाने वाद घालताना हे वाक्य तोंडून निघणे फार कठीण जाते, कारण चार लोक पाहत असतात. मुखवट्याआड मात्र माघार घेताना कोणाची मान खाली जात नाही. नाव झाकण्याचा हा सर्वांत मोठा फायदा, आणि तोच आपण सर्वांत कमी घेतो.

मराठी पुस्तकांची चर्चा पुण्या-मुंबईच्या सभागृहांत होते, विद्यापीठांत होते, मासिकांत होते. ती तशी व्हावीच. पण पुस्तके केवळ त्या सभागृहांसाठी लिहिलेली नसतात. सीमेपलीकडच्या एखाद्या गावात, मराठी पाटी क्वचितच दिसते अशा ठिकाणी, कोणी तरी रात्री जागून ती वाचत असते आणि त्या वाचकापाशी सांगण्यासारखे काही असते. तो नावानिशी सांगेल तर उत्तम. तो नाव झाकून सांगेल, तर 'तू कोण' हे विचारण्याआधी 'कोणत्या पानावर' एवढे विचारावे, आणि त्याने दाखविलेले ते पान उघडावे.